ही काय फक्त प्राध्यापकांची कामं?

मंडळी, आमचा भाचा औषध कंपनीत संशोधक आहे. रसायनशास्त्रज्ञांच्या एका संस्थेचा आजीव सभासदही आहे, म्हणजे पावती कपाटात आहे! परवा त्याला म्हटलं, कार्यकारिणीच्या निवडणुकीला उभा राहा. तर म्हणे, "मावशी, ती प्राध्यापकांची कामं."

का रे बाबा? १९२४ साली कलकत्त्यात इंडियन केमिकल सोसायटी निघाली, तिचे पहिले अध्यक्ष आचार्य प्रफुल्लचंद्र राय. प्राध्यापक होते हे खरंच, पण बेंगॉल केमिकल हा औषधांचा कारखानाही त्यांनीच काढलेला होता.

आणि पुन्हा तक्रारी याच मंडळींच्या, की परिषदांमध्ये आमच्या कामाचं काही नसतं. अहो, विषय, व्याख्याते, पारितोषिकं कार्यकारिणीत ठरतात. तिथे तुमचं कोणी नसेल तर तुमची आठवण कोण काढणार?

कंपनीची गुपितं फुटतील म्हणे! बैठकीत जमाखर्च, वर्गणी, रखडलेला अंक यांवर डोकेफोड चालते. औषधाची कृती कोण विचारतंय तिथे? कंपनीच्या हिताचा विषय निघालाच, तर तसं सांगून उठून बाहेर बसावं.

वेळेचं म्हणाल तर त्यात तथ्य आहे. स्वतःची रजा खर्चून बैठकीला कोण जाणार? म्हणून मालकांनाही सांगते, प्रदर्शनात दुकान मांडायला माणसं चार-चार दिवस पाठवता, तशी वर्षातून तीन-चार बैठकांना भरपगारी सोडा.

आणि भाचेबुवा, अर्जाची मुदत अजून संपलेली नाही.