देशाचा दरवाजा उघडा, धानाला मात्र कुलूप

हल्ली शहरच्या सभांतून एकच नगारा वाजतो आहे की, हिंदुस्थान श्रीमंत झाला, आणि हे सारे 1991 सालच्या खुल्या धोरणाचे फळ होय. यात खोटे फारसे नाही. त्या साली परदेशचा माल आणण्यास जेमतेम दोन-तीन आठवड्यांचे परकीय चलन उरले होते व देशाचे सोने विलायतेत गहाण पडले होते. त्याच जुलै महिन्यात बहुतेक कारखान्यांची परवान्याची बेडी तुटली. आज तीच गंगाजळी सहाशे अब्ज डॉलरांच्या वर आहे. घर सावरले याचा आनंद कोणास होणार नाही? पण थोरल्या भावाची बेडी तुटली आणि धाकट्याच्या पायात ती तशीच राहिली, तर तिला वाटणी म्हणावे काय?

धानाचेच पाहा. देशोदेशी जो तांदूळ विकला जातो, त्यात शंभरातले सुमारे चाळीस भाग एकट्या आपल्या देशाचे. हे बळ आले कोठून? भर पावसात, पोटरीभर चिखलात, दिवसभर कंबर मोडून रोवणी करणाऱ्या बायांच्या हातांतून आले. आणि त्याचे मोल पदरात पडण्याची वेळ आली की होते काय? जगात तांदूळ महागला म्हणून एप्रिल 2008 मध्ये बिगर-बासमती तांदूळ बाहेर धाडण्यास बंदी झाली. ती उठली सप्टेंबर 2011 मध्ये. पुन्हा 20 जुलै 2023 रोजी साध्या पांढऱ्या तांदळावर बंदी, ती 28 सप्टेंबर 2024 पर्यंत. म्हणजे 2023 चा आपला सगळा खरीप कुलपाआड गेला. मोटारगाडी महागली म्हणून कारखानदारास ‘ती परदेशी विकू नकोस’ असे कोणी बजावल्याचे आम्ही तरी ऐकले नाही.

यावर पंडित म्हणतात, गरिबाचे पोट भरले पाहिजे. (पंडितांची जात आता बदलली, भाषा जुनीच आहे.) ते भरलेच पाहिजे. आपल्यातच निम्मी घरे अशी आहेत की जी माघात धान विकतात आणि ज्येष्ठात तांदूळ विकत घेतात. पण त्याचा खर्च कोणी सोसावा? 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने स्वस्त धान्य मिळते, आणि जानेवारी 2023 पासून ते फुकट दिले जाते. तो भार सरकारी तिजोरी उचलते. हा मार्ग सरळ आहे. दोन एकर बांधीवाल्याच्या खिशात हात घालून भाव पाडणे हा सरळ मार्ग नव्हे. आणि भाव पाडल्यावर ‘बोनस’ द्यायचा, हेक्टरी वीस हजार, तोही दोन हेक्टरांपर्यंत, म्हणजे आधी हक्काचे घेऊन मग दान केल्याचे पुण्य जोडायचे! त्यातही सातबारा ज्याच्या नावाचा त्याला. बटईने कसणारा रिकाम्या हाताने चुकाऱ्याची वाट पाहतो.

तरी बाजार नुसता मोकळा केला की कुणबी सुखी होईल, हेही आम्हास पटत नाही. बिहारने 2006 साली बाजार समित्यांचा कायदाच रद्द केला. तेथील धान आजही हमीभावाखाली जाते. ज्याच्याकडे कोठी नाही, गोदाम नाही, आणि ज्याला सावकाराचे देणे फेडायचे आहे, त्याला मोकळा बाजार काय कामाचा? चुरणे होताच त्याला विकावेच लागते.

आता घरचा हिशेब. शाळेत आम्ही मुलांना त्रैराशिक घालतो, तेच येथे घाला. आधारभूत केंद्रावर दिलेल्या एक क्विंटल धानापासून गिरणीने सरकारास 67 किलो तांदूळ परत द्यावयाचा असतो. उरलेल्या 33 किलोंत कोंडा, कणी व भुसा. कोंड्याचे तेल निघते, कणी जनावरांच्या खाद्यात व दारूभट्टीत जाते, भुसा जळणास खपतो. हे सारे भरडाई करणाऱ्याकडे राहते. गोंदियाच्या गिरण्यांची चिमणी आपल्याच धानाच्या भुशावर धुमसते, आणि आपण मात्र तनीस तेवढी घरी आणतो. गिरणीवाल्याचा आम्हास राग नाही. त्याने यंत्र घातले, त्याने जोखीम घेतली. प्रश्न हा की आपण का घालू नये?

जमणार नाही म्हणू नका. तेंदूपानाचा व्यापार सरकारने 1969 च्या कायद्याने आपल्या मुठीत घेतला होता. 2006 च्या वनहक्क कायद्याने तो हक्क ग्रामसभेकडे आला, आणि 2013 पासून गोंदिया-गडचिरोलीकडील कित्येक ग्रामसभांनी स्वतः सौदा ठरवून पान विकले. पान तोडणारे हात तेच होते. सौद्याच्या जागी बसणारे बदलले. चार-पाच गावांनी मिळून एक गोदाम आणि एक लहान भरडाई यंत्र सहकाराने घालणे याहून अवघड नाही. हिशेब लिहिण्यास शिकलेली पोरे गावोगाव रिकामी बसली आहेत.

येत्या ग्रामसभेत रस्त्याचा व नालीचा विषय संपला की उभे राहून एवढेच विचारा: आपल्या गावच्या धानाचा कोंडा जातो कोणाच्या घरी?