भीतीने शांतता राखली, की बोलण्याने?

अमेरिका आणि रशिया यांच्या लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांना लगाम घालणारा शेवटचा करार म्हणजे 'न्यू स्टार्ट'. एप्रिल २०१० मध्ये प्राग येथे त्यावर सह्या झाल्या आणि प्रत्येकी १,५५० तैनात अण्वस्त्रांची मर्यादा ठरली. २०२१ मध्ये त्याला पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली, ती ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतची. त्यापुढे आणखी मुदत वाढवण्याची सोय करारातच नव्हती. एकमेकांच्या तळांची पाहणी तर मार्च २०२० पासूनच थांबली होती, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये रशियाने करारातला आपला सहभाग स्थगित केला. अशा वेळी एक मत जोर धरते: करार हवेत कशाला? शीतयुद्धाची चार-साडेचार दशके अण्वस्त्रांच्या धाकाने निभावली, पुढचीही निभावतील. हे मत उडवून लावण्यासारखे नाही. म्हणूनच ते नीट तपासायला हवे.

धाकाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा भक्कम आहे. १९१४ ते १९४५ या एकतीस वर्षांत युरोपने जगाला दोन महायुद्धांत लोटले. त्यानंतर भांडवलशाही आणि साम्यवाद या एकमेकींच्या मुळावर उठलेल्या दोन व्यवस्था समोरासमोर ठाकल्या. दुभंगलेल्या जर्मनीत दोन्हींच्या फौजा एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहिल्या, तरी वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात उघड युद्ध झाले नाही. ऑक्टोबर १९६१ मध्ये बर्लिनच्या 'चेकपॉइंट चार्ली'वर अमेरिकी आणि सोव्हिएत रणगाडे तोफा रोखून रात्रभर उभे होते. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे रणगाडे आळीपाळीने मागे सरकले. त्याआधी कोरियाच्या युद्धात सोव्हिएत वैमानिक मिग-१५ विमानांतून अमेरिकी विमानांशी झुंजत होते. मॉस्कोने ते लपवले, यात नवल नाही. पण वॉशिंग्टननेही कळूनसवरून त्याचा बोभाटा केला नाही, कारण बोभाटा झाला असता तर युद्ध वाढवण्यासाठी घरातूनच रेटा आला असता. अण्वस्त्रे आल्यावर दोन्हीकडचे राज्यकर्ते सावध झाले, हे मान्य करावेच लागेल.

पण सावध राज्यकर्ते असूनही जग कडेलोटापर्यंत गेले, तो दिवस २७ ऑक्टोबर १९६२. क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून चाललेल्या पेचात त्या शनिवारी क्यूबावर अमेरिकेचे यू-२ टेहळणी विमान पाडले गेले आणि वैमानिक ठार झाला. विमान पाडण्याचा हुकूम मॉस्कोने दिलेला नव्हता. त्याच दिवशी दुसरे यू-२ भरकटून सोव्हिएत हद्दीत शिरले. आणि क्यूबाजवळच्या समुद्रात बी-५९ ही सोव्हिएत पाणबुडी अमेरिकी युद्धनौकांच्या वेढ्यात सापडली. बॅटऱ्या उतरलेल्या, आत जीव घुसमटवणारा उकाडा, मॉस्कोशी संपर्क नाही. पाणबुडीला वर आणण्यासाठी अमेरिकी नौका सरावाची स्फोटके टाकत होत्या. तिच्यात अण्वस्त्र बसवलेला टॉर्पेडो आहे, याची त्यांना गंधवार्ता नव्हती. पुढे बाहेर आलेल्या हकिकतींनुसार पाणबुडीच्या कप्तानाने तो टॉर्पेडो सज्ज करायला सांगितले होते आणि तिथेच असलेले वरिष्ठ अधिकारी वासिली आर्खिपोव यांनी त्याला शांत केले. धाकाचा सिद्धांत राजधानीत बसलेल्या नेत्यांच्या हिशेबीपणावर उभा आहे. त्या शनिवारी निर्णय मात्र राजधान्यांपासून हजारो मैल दूर, दमलेल्या आणि घाबरलेल्या माणसांच्या हाती गेले होते.

या पेचाची दुसरी बाजू तितकीच बोलकी आहे. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचे २६ ऑक्टोबरचे पत्र मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीमार्फत वॉशिंग्टनला पूर्ण पोहोचायला जवळपास बारा तास लागले. वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत अनातोली दोब्रिनिन यांचे सांकेतिक संदेश तारकंपनीचा पोऱ्या सायकलवरून येऊन घेऊन जात असे. तो वाटेत रेंगाळू नये, एवढीच आशा करणे त्यांच्या हाती होते, असे त्यांनी पुढे आठवणींत लिहिले. शेवटी २८ तारखेला ख्रुश्चेव्ह यांनी माघारीचा निरोप थेट मॉस्को रेडिओवरून वाचायला लावला, कारण त्याहून जलद मार्गच नव्हता. तडजोड झाली तीही बोलण्यातून. अमेरिकी अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी दोब्रिनिन यांना गुपचूप भेटून तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे आश्वासन दिले होते. भीतीने दोघांनाही बोलायला भाग पाडले, हे खरे. पण बोलण्याचे मार्ग मोडकेतोडके असल्यामुळे ती भीतीच जवळजवळ जीवावर बेतली.

त्यातून धडा घेऊन जून १९६३ मध्ये दोन राजधान्यांत थेट टेलिप्रिंटर जोडण्याचा करार झाला आणि ऑगस्टमध्ये वातावरणात, अवकाशात आणि पाण्याखाली अणुचाचण्या बंद करण्याचा. १९७२ मध्ये लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर पहिली मर्यादा आली. मग बोलणी विसकटली की काय होते, तेही जगाने पाहिले. १ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियन प्रवासी विमान पाडले. २६९ माणसे गेली. त्याच महिन्याच्या २६ तारखेला सोव्हिएत उपग्रहांनी अमेरिकेतून क्षेपणास्त्रे सुटल्याचा इशारा दिला. ड्यूटीवरचे अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी तो खोटा मानला आणि तो खोटाच ठरला: ढगांवरून परावर्तित झालेल्या उन्हाने यंत्रणा फसली होती. नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत शिष्टमंडळ जिनिव्हातल्या वाटाघाटींतून उठून गेले. चारच वर्षांनी, डिसेंबर १९८७ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे समूळ नष्ट करण्याच्या करारावर सह्या केल्या.

इथे धाकवाद्यांची खरी अडचण होते. १९८३ आणि १९८७ या दोन्ही वर्षी जगात जवळपास साठ हजार किंवा त्याहून अधिक अण्वस्त्रे होती. धाक तेवढाच, संहारशक्ती तेवढीच. तरी १९८३ मध्ये जग श्वास रोखून होते आणि १९८७ मध्ये नव्हते. फरक शस्त्रांत नव्हता, समोरचा काय करतो आहे हे कळण्यात होता. १९८७ च्या कराराने २,६९२ क्षेपणास्त्रे मोडीत निघाली. त्याहून मोलाची होती ती तपासणी. रशियातल्या वोत्किन्स्क इथल्या क्षेपणास्त्र कारखान्याच्या फाटकाशी अमेरिकी निरीक्षक राहू लागले आणि अमेरिकेतल्या युटा राज्यात मॅग्ना इथे सोव्हिएत निरीक्षक. बाहेर पडणारी मालगाडी मोजायची, शंका आली तर पाहणी करायची, हे काम त्यांनी तेरा वर्षे केले. ज्या दोन देशांनी एकमेकांच्या शब्दावरही भरवसा ठेवला नव्हता, त्यांचा कारभार मोजपट्टीच्या भरवशावर चालला.

यावर आक्षेप आहेत आणि ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. गोर्बाचेव्ह वाटाघाटींना आले ते पश्चिम युरोपात पर्शिंग क्षेपणास्त्रे बसल्यावर. ताकद नसती तर करारही नसता. करार मोडलेही गेले: क्रास्नोयार्स्कजवळचे सोव्हिएत रडार हा १९७२ च्याच क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवरच्या कराराचा भंग होता, हे मॉस्कोने स्वतःच पुढे कबूल केले. अमेरिका २००२ मध्ये तो करारच सोडून मोकळी झाली आणि २०१९ मध्ये, रशियावर भंगाचा ठपका ठेवून, १९८७ चाही. शिवाय आता चीन झपाट्याने शस्त्रे वाढवतो आहे आणि तो या चौकटीत कुठेच नाही. हे सगळे खरे आहे. पण त्यातून निष्कर्ष निघतो तो इतकाच की करार अपुरे आहेत. अनावश्यक आहेत असा नाही. क्रास्नोयार्स्कचा भंग हा भंग ठरला, कारण तो मोजायला करार होता.

हिशेबाची आणखी एक बाजू दोन्ही महासत्तांच्या खतावण्यांत क्वचितच दिसते. शीतयुद्धाच्या काळाला दिलेले 'दीर्घ शांतता' हे नाव युरोप-अमेरिकेपुरतेच शोभते. कोरिया, व्हिएतनाम, अंगोला, अफगाणिस्तान इथे लाखोंनी माणसे मेली. १९५३ मध्ये इराणचे आणि १९५४ मध्ये ग्वाटेमालाचे निवडून आलेले सरकार अमेरिकेच्या हस्ते-परहस्ते उलथले. १९५६ मध्ये हंगेरीत आणि १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत रणगाडे शिरले. या चुरशीचा लाभ काही देशांना झाला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. मुंबईत पवईची आयआयटी सोव्हिएत साहाय्याने उभी राहिली आणि तिथून फार दूर नसलेल्या तारापूरची अणुभट्टी अमेरिकी तंत्रज्ञानाने. दोघांनाही मित्र हवे होते, म्हणून नेहरूंच्या भारताला दोन्ही दारे ठोठावता आली. पण हा लाभ अलिप्त राहण्याची ताकद असलेल्यांना झाला. ज्यांच्या भूमीवर लढाई आली, त्यांच्या वाट्याला फक्त राख आली.

भारताने या काळात केवळ उपदेश केला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मार्च १९५४ मध्ये अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बचा स्फोट केला आणि त्याची किरणोत्सारी राख जपानी मच्छीमारांवर पडली. पुढच्याच महिन्यात नेहरूंनी संसदेत अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली. कोरियात युद्धकैद्यांच्या प्रश्नावर शस्त्रसंधी वर्षाहून अधिक काळ अडून बसली होती. मायदेशी जायला नकार देणाऱ्या कैद्यांचा ताबा शेवटी भारतीय सैन्याने घेतला. या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि ताबा घेणाऱ्या फौजेचे प्रमुख कोल्हापूरकडचे जनरल एस. पी. पी. थोरात. दोन्ही गटांच्या शिव्या खाऊन त्यांनी ते काम तडीस नेले. बोलणी चालू ठेवायला कुणीतरी मध्ये उभे राहावे लागते, याचा तो पाठ होता.

मग निवाडा काय? अण्वस्त्रांच्या धाकाने नेत्यांना सावध केले, हे श्रेय त्याला द्यावे. पण त्या धाकाचा अपघात होऊ दिला नाही तो संपर्कयंत्रणेने, मर्यादांनी, तपासणीने आणि काही वेळा निव्वळ दैवाने. दैवावर धोरण आखता येत नाही. उरलेल्या तिन्हींवर येते. म्हणून नवा करार होवो न होवो, अमेरिका आणि रशियाने १,५५० ची मर्यादा पाळत राहावी, आकडेवारी एकमेकांना द्यावी आणि पाहणी पुन्हा सुरू करावी. चीनला आधी संपर्कयंत्रणेत आणावे, मग मोजणीत. अण्वस्त्रे डागण्याचा निर्णय यंत्राच्या हाती कधीही देऊ नये.

आपल्याही दारात हा प्रश्न आहे. डिसेंबर १९८८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, आणि कारगिलनंतरही त्यात खंड पडलेला नाही. संबंध तुटलेले असताना हा शिरस्ता टिकला, ही छोटी गोष्ट नव्हे. तो केवळ याद्यांपुरता न ठेवता वाढवणे, हे कोणत्याही सरकारचे, कोणत्याही तणावातले, पहिले कर्तव्य मानले पाहिजे. शत्रूशी बोलणे म्हणजे त्याच्यावर विश्वास टाकणे नव्हे. विश्वास नसतो, तिथेच बोलण्याची व्यवस्था सर्वांत अधिक लागते.