घंटा वेळेची, अन्नाची नव्हे

मराठी शिकवणाऱ्या माणसाने ओट्यापाशी लुडबुड का करावी, असे या सदराच्या वाचकांना वाटेल. पण आपल्या भाषेचे निम्मे वैभव चुलीपाशीच वाढले, त्याला आमचा इलाज नाही. नुसते उष्णतेचे शब्द मोजून पाहा. दूध तापवायचे, लोणी कढवायचे, आमटीला उकळी आणायची, मोदक वाफवायचे, शेंगदाणे भाजायचे आणि सकाळची भाजी नुसती ऊन करायची. अंघोळीचे पाणी कढत, बाळाचे दूध कोमट, पाहुण्याचा चहा वाफाळता. प्रत्येक शब्दाची आच निराळी. कोणते काम कोणत्या आचेवर करायचे, हे आपल्या आज्यांना व्याकरण न शिकताही ठाऊक होते.

अलीकडे या सगळ्या शब्दांची जागा एकट्या ‘गरम कर’ने घेतली आहे, आणि हा हुकूम निमूटपणे ऐकणारे यंत्र म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हन. यंत्र गुणी आहे. पापड तेलाशिवाय भाजून देते, चिवड्याचे पोहे कुरकुरीत करून देते, रात्री उशिरा आलेल्याला गरम घास देते. त्याच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते त्याच्या घंटेशी.

कुकरची शिट्टी आणि ही घंटा या दोहोंत फार अंतर आहे, वाचकहो. कुकरची शिट्टी आतली वाफ वाजवते. पुरेसा दाब झाल्याखेरीज ती वाजायची नाही. मायक्रोवेव्हची घंटा घड्याळ वाजवते. तुम्ही दिलेली दोन मिनिटे संपली, एवढाच तिचा अर्थ. कॉलेजात तास संपल्याची घंटा होते, तेव्हा सगळ्या वर्गाला विषय समजला असे कोणी मानीत नाही. निदान शिकवणारा तरी मानीत नाही. पण जेवणाच्या बाबतीत शहाणीसुरती माणसेही घंटेवर विश्वास टाकतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

हे यंत्र मुळात स्वयंपाकासाठी जन्मलेच नाही. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने हेरणाऱ्या रडारमध्ये मॅग्नेट्रॉन नावाची नळी वापरीत. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचे अभियंते होते. चालू मॅग्नेट्रॉनपाशी उभे असताना त्यांच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली, अशी हकीकत सांगतात. एखाद्याने खिसा धुवायला टाकला असता. यांनी १९४५ साली पेटंटसाठी अर्ज केला. पहिली यंत्रे माणसाएवढी उंच आणि तीनशे किलोंहून जड होती. ओट्यावर मावणारे घरगुती यंत्र अमेरिकेच्या बाजारात आले ते १९६७ साली.

त्याची करामत अशी. आतल्या लहरी सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा हेलकावे खातात. त्या तालावर अन्नातल्या पाण्याचे रेणू सारखी दिशा बदलू पाहतात आणि त्या धडपडीतून उष्णता निर्माण होते. बटण बंद झाले की लहरी संपल्या, जसा दिवा मालवला की उजेड संपतो. अन्नात त्यांचे काही उरत नाही. तेव्हा ‘ते रेडिएशनचे जेवण’ म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही.

मात्र दुसरा एक समज सोडायला हवा. मायक्रोवेव्ह अन्न आतून बाहेर शिजवते, असे पुष्कळजण सांगतात. तसे नाही. लहरी वरच्या दोन-तीन सेंटीमीटरांत बहुतेक खर्ची पडतात. गाभ्यापर्यंतची उष्णता तिथून हळूहळू सरकत जाते. शिवाय पेटीत लहरी सारख्या पसरत नाहीत. कुठे जोर अधिक, कुठे जवळजवळ नाहीच. आतली काचेची थाळी फिरते ती याचसाठी. तरीही भाताच्या ढिगाची कड चटका देते नि मध्य गारठलेला राहतो. पुरणपोळी हाताला कोमट लागते, आणि आतले गोड पुरण जीभ पोळते.

चुलीवर हे सहसा घडत नाही, कारण चूल बोलते. खदखद ऐकू येते, वास सुटतो, कडेला बुडबुडे दिसतात. हे यंत्र मुके आहे. म्हणून चुलीने आपण होऊन सांगितलेले आता आपल्याला विचारून घ्यावे लागते. त्याच्या तीन रीती आहेत. अन्न पसरट भांड्यात घालावे आणि वर सैल झाकण ठेवावे, म्हणजे वाफ आत फिरेल. निम्म्या वेळात बाहेर काढून तळापासून ढवळावे. आणि घंटा झाल्यावर दोन-तीन मिनिटे तसेच झाकून ठेवावे. या विसाव्यात कडेची उष्णता गाभ्यात शिरते. भात उतरवल्यावर वाफ मुरू देतात, तोच हा प्रकार. झाकण काढताना मात्र तोंड दूर ठेवा. वाफेचा चटका ज्वाळेपेक्षा सौम्य नसतो.

आता मुख्य गोष्ट. शिळे अन्न ‘ऊन’ करून भागत नाही. ते आतपर्यंत किमान ७४ अंश सेल्सिअस तापले पाहिजे. घरी कोण अंश मोजीत बसतो? म्हणून आपला जुना शब्द घ्या: वाफाळते. कडेला नव्हे, मध्यभागी. चमचा खुपसला की तिथूनही वाफ यायला हवी.

आणि तापवल्याने सगळे दोष जातात, हाही भ्रमच. भाताचेच पाहा. काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात ओट्यावर तासन्‌तास कोमट पडून राहिला की ते वाढीला लागतात आणि त्यांतले काही असे विष तयार करतात, की ते पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. त्याला वास नाही, चव नाही. सांगायचे तात्पर्य, भाताची काळजी ओव्हनमध्ये घ्यायची नसून त्याआधी फ्रीजमध्ये घ्यायची असते. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत, आणि आपल्या वैशाखात तर तासाभरात, उथळ डब्यांतून फ्रीजमध्ये जायला हवे.

हे लिहिताना डोळ्यांपुढे एक घर येते. असे घर आज प्रत्येक सोसायटीत आहे. मुलगा नि सून आठ वाजता बाहेर पडतात, नातू शाळेत जातो. ओट्यावर झाकून ठेवलेले वरण, भात, भाजी. “आई, एक वाजता गरम करून घ्या हं!” असे सांगून दार लागते. म्हणजे अन्न पाच तास उकाड्यात पडून आहे. त्यातून यंत्रावरची अक्षरे इंग्रजी आणि बारीक. एक तर आई स्टीलची वाटी आत ठेवतात आणि ठिणग्या पाहून घाबरतात, नाहीतर गुपचूप गार अन्न खातात. संध्याकाळी विचारले तर “जेवले की!” एवढेच सांगतात. ज्या माउलीने सबंध घराला पन्नास वर्षे गरम वाढले, तिच्या ताटात दुपारी गार घास पडावा, हे काही यंत्राचे पाप नव्हे. सकाळी तिचे अन्न काचेच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवणे आणि एका रविवारी शेजारी उभे राहून दोन बटणे शिकवणे, एवढ्याने हे टळते.

गोठलेल्या पदार्थांची गंमत आणखी निराळी. बर्फ या लहरी फारशा शोषत नाही, पाणी मात्र भराभर शोषते. त्यामुळे सुरमईच्या तुकड्यांचा जो कोपरा आधी वितळतो तोच आणखी तापतो, नि मध्ये बर्फाचा खडा तसाच राहतो. यासाठी डीफ्रॉस्टचे बटण. त्यात यंत्र मधूनमधून थांबते आणि उष्णतेला पसरायला उसंत मिळते. मधे एकदा तुकडे उलटावेत, सुटे करावेत, आणि वितळल्यावर लगेच शिजवावेत. कडा कोमट झालेली मासळी ‘रात्री करू’ म्हणून ठेवू नये.

बाळाची बाटली या यंत्रात मुळीच तापवू नये. बाटली हाताला कोमट लागते, पण आतल्या दुधाचा एखादा भाग कढत असतो. ऊन पाण्याच्या भांड्यात बाटली धरावी, हलवावी, मनगटावर थेंब टाकून पाहावा. कपभर नुसते पाणी उकळणेही धोक्याचे. गुळगुळीत कपात पाणी उकळबिंदूच्या वर जाऊनही शांत दिसते आणि साखर पडताच उसळून अंगावर येते. कपात आधी लाकडी चमचा ठेवावा, गरजेपेक्षा जास्त तापवू नये, आणि काढण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबावे. आमचे मत विचाराल तर चहा गॅसवरच करावा. उकळल्याशिवाय त्याला रंग तरी कुठे येतो? फोडणी नि तळणही गॅसवरच. तेल किती तापले हे या यंत्रात कळत नाही.

भांड्यांबद्दल थोडक्यात. स्टील, अॅल्युमिनियमचा कागद, सोनेरी काठाच्या बशा नकोत. श्रीखंडाचे रिकामे डबे जपून ठेवणे हा आपला गृहधर्म असला, तरी त्यांची जागा फळीवर. काच किंवा चिनी माती, आणि मायक्रोवेव्हसाठी म्हणून खूण असलेलीच भांडी वापरा. वर्तमानपत्राचा कागद पेटतो, शिवाय शाई अन्नाला लागते. सालीसकट बटाट्याला टोचे मारा. अंडे, उकडलेलेसुद्धा, कवचासकट ठेवू नका, ते फुटते. यंत्र रिकामे चालवू नका. आत काही पेटलेच तर दार उघडू नका. बटण बंद करून प्लग काढा, हवेवाचून आग विझते. दार नीट बसत नसेल तर वापर थांबवा. आणि घरातल्या हौशी इलेक्ट्रिशियनला त्याचे झाकण उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर जीवघेणा झटका देऊ शकतो.

दिवाळीत फ्रीज पाहुण्यांच्या जेवणाने भरेल, आणि यंत्राला दिवसभर उसंत मिळायची नाही. फराळाच्या गडबडीतून पाच मिनिटे काढा, आणि नातवाच्या वहीतल्या कागदावर ठळक मराठी अक्षरांत लिहून ओव्हनशेजारी लावा: स्टील नको. झाकण ठेवा. मधे ढवळा. घंटेनंतर दोन मिनिटे थांबा. मधून वाफ आली तरच खा. अक्षर नातवाचे असले म्हणजे आजी तो कागद दुसऱ्या कोणाला काढू द्यायची नाही.