मेरिटवाल्यांनो, कॅनडाचा तक्ता एकदा वाचाच

स्पष्टच लिहितो, राग आला तर येऊ दे. आरक्षणाचा विषय निघाला की 'मेरिटचा खून झाला' म्हणून गळा काढणारी माझ्या ओळखीतली बरीच मंडळी सध्या कॅनडाच्या पीआरसाठी पॉइंट मोजत बसलीत. जरूर जा. पण ते पॉइंट कशाचे, ते तरी बघा.

एक्सप्रेस एन्ट्रीत जोडीदाराशिवाय अर्ज केला तर २० ते २९ वयाला ११० पॉइंट, पंचेचाळिशीला शून्य. वय वाढलं म्हणून माणूस काम विसरतो का? भाऊ-बहीण तिकडे स्थायिक असेल तर १५ पॉइंट जादा. यात कुठली गुणवत्ता? फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वसाधारण फेरीचा कटऑफ ५३४ होता, दुसऱ्याच दिवशी फ्रेंच येणाऱ्यांचा ३३६. का? तर क्वेबेकबाहेरही फ्रेंच टिकावी, हे तिथल्या सरकारचं धोरण आहे म्हणून.

म्हणजे कोणाला आत घ्यायचं हे देश आपली गरज बघून ठरवतो आणि तसा कटऑफ लावतो. कॅनडाने केलं की ती 'सिस्टीम', आपल्या राज्यघटनेने केलं की 'अन्याय'? उलट आपलं कारण जास्त भक्कम आहे. पिढ्यान् पिढ्या शाळेच्या दाराबाहेर ठेवलेल्यांना आत घ्यायचंय.

व्हिसासाठी १९८ पॉइंटांचा फरक मुकाट गिळता ना? मग कॉलेजच्या यादीतल्या फरकावर बोलताना जरा जीभ आवरा.