विमानाची तफावत आणि सोयाबीनची तफावत



आसेगावच्या गेल्या बैठकीत एक कागद फिरला. शहरातल्या व्यापारी मंडळींनी तयार केलेले निवेदन होते. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी वाढवावी, प्रवासी विमाने सुरू करावीत, आणि या मागणीला वाशीम जिल्ह्यातल्या कास्तकारांचाही पाठिंबा आहे असे त्यात लिहिले होते. पाठिंबा आधीच छापलेला होता, सह्या तेवढ्या बाकी होत्या. काही जणांनी सह्या केल्याही. का केल्या म्हणून विचारले तर एकाने सरळ सांगितले, "चांगलंच काम आहे ना भाऊ, विरोध कायले करायचा?"

विरोध करा असे आम्हीही म्हणत नाही. पण सही करण्याआधी हिशेब पाहावा, एवढी सवय चळवळीने आपल्याला लावली आहे. तो हिशेब या अंकात मांडतो. जिल्हा बैठकीत हा विषय येणार आहे, तेव्हा निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा आहे.

आधी आपल्या शेजारचे उदाहरण. अमरावतीचा बेलोरा विमानतळ १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला. मुख्यमंत्री, दोन्ही उपमुख्यमंत्री, केंद्रीय विमान वाहतूक मंत्री असे सगळे हजर होते. धावपट्टी वाढवून १८५० मीटर केली. मुंबई-अमरावती-मुंबई अशी सेवा सुरू झाली, आठवड्यातून तीन दिवस. विमान अलायन्स एअरचे, म्हणजे एअर इंडिया टाटांना विकल्यावरही सरकारकडेच राहिलेल्या कंपनीचे. पंख्याचे लहान विमान, सीट सत्तर.

आता साधा गुणाकार करू. आठवड्याला तीन, वर्षाला १५६ फेऱ्या. प्रत्येक फेरीत सत्तर माणसे जाणार, सत्तर येणार. एकही फेरी रद्द झाली नाही, एकही सीट रिकामी राहिली नाही, तरी वर्षाला होतात २१,८४० प्रवासी. आणि एसटीची एक लाल गाडी घ्या. चाळीस सीट धरा, दिवसाला दोनदा तालुक्याला जाऊन परत येते असे धरा. म्हणजे दिवसाला १६० माणसे, वर्षाला ५८,४००. उभे राहणारे आणि दरवाजाला लटकणारे यात मोजलेले नाहीत. एका जुन्या गाडीच्या निम्मीही माणसे ते विमान वर्षभरात नेत नाही. आपल्याकडे गाडीची एक फेरी बंद झाली तर शाळेतल्या पोरी घरी बसतात, त्याची बातमीसुद्धा होत नाही.

कोणी म्हणेल, विमान आणि एसटीची तुलना कशी करता? विमान धंद्यासाठी असते, त्यातून कारखाने येतात. मान्य आहे. मग धंद्याच्याच भाषेत बोलू. धंदा असेल तर तिकिटाच्या पैशातून विमानाचा खर्च निघायला हवा. तो निघत नाही म्हणून तर २०१६ मध्ये केंद्राने 'उडान' योजना आणली. तिचे काम असे चालते. साधारण एका तासाच्या प्रवासाला अडीच हजार रुपये अशी तिकिटाची मर्यादा योजना सुरू होताना घातली. ही मर्यादा सगळ्या सीटला नाही, सुमारे निम्म्या सीटला. त्या सीटवर कंपनीला जो तोटा येईल तो सरकार भरून देते. त्यातले ऐंशी टक्के केंद्राच्या निधीतून आणि वीस टक्के राज्याच्या तिजोरीतून. केंद्राचा निधी मोठ्या शहरांतल्या विमानफेऱ्यांवर आकार लावून जमवतात. शिवाय राज्याने जमीन मोफत द्यायची, पोलीस आणि अग्निशमन मोफत द्यायचे, वीज-पाणी सवलतीत द्यायचे. कंपनीला ही मदत तीन वर्षे, आणि त्या काळात त्या मार्गावर दुसरा कोणी स्पर्धक येणार नाही याची हमी.

या मदतीचे सरकारी नाव ऐका: व्यवहार्यता तफावत निधी. म्हणजे धंदा परवडण्यात जेवढी तूट आहे, तेवढी भरून काढणारा पैसा.

नाव वाचून आम्हाला हसू आले आणि थोडा रागही आला. हीच तूट कास्तकाराच्या शेतात पडली तर तिचे नाव बदलते. तिला फुकटेपणा म्हणतात, कर्जमाफीची चटक म्हणतात. टीव्हीवरचे अर्थतज्ज्ञ सांगतात की शेतकऱ्याने बाजाराची शिस्त शिकावी. विमान कंपनीने ती शिकावी असे सांगताना आम्ही अजून कोणाला ऐकलेले नाही.

२०२४ च्या हंगामाचे उदाहरण घ्या. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. सोंगणी झाली, माल बाजार समितीत आला आणि भाव चार हजाराच्या आसपास घुटमळत राहिला. सरकारी खरेदी केंद्रावर गेलो तर ओलावा बारा टक्क्यांच्या वर म्हणून कट्टे परत. निवडणुकीच्या तोंडावर ती अट पंधरा टक्क्यांपर्यंत सैल केली, तोवर गरजवंताने माल अडत्याच्या काट्यावर टाकलेला होता. पाच एकरवाला कास्तकार, एकरी पाच क्विंटल, म्हणजे पंचवीस क्विंटल. क्विंटलमागे आठशेची तफावत धरली तर वीस हजार रुपये झाले. ही आमची व्यवहार्यता तफावत. ती भरायला कोणता निधी आहे? आणि आम्ही तर निधीसुद्धा मागत नव्हतो. खाद्यतेलाची आयात, पेंडीचा निर्यातभाव, साठ्यावरची बंधने, यांत सरकारने ढवळाढवळ केली नसती तरी पुष्कळ होते.

दुसरी गोष्ट इंधनाची. डिझेल आणि विमानाचे इंधन दोन्ही जीएसटीच्या बाहेर आहेत, दोन्हींवर राज्य आपला कर लावते. उडान योजनेच्या विमानतळावर विमानात भरलेल्या इंधनावर हा कर एक टक्का, अशी योजनेचीच अट आहे. मुंबई, पुणे, रायगडच्या मोठ्या विमानांसाठीही राज्याने २०२३ च्या अर्थसंकल्पात तो पंचवीसवरून अठरा टक्के केला. आणि आपल्या ट्रॅक्टरच्या टाकीत जाणाऱ्या डिझेलवर एकवीस टक्के. २०२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई-ठाण्याचे डिझेल चोवीसवरून एकवीसवर आणले, तेही आपल्या बरोबरीला आणले म्हणून. वखरणी करणाऱ्याने एकवीस द्यायचे आणि उडणाऱ्याने एक, हे कोणत्या शास्त्रात बसते ते आम्हाला कोणीतरी समजावून सांगावे.

बरे, एवढे करून योजना टिकते का? महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल आहे, सरकारचाच. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग मंजूर झाले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षे पूर्ण केली ती ११२ मार्गांनी. आणि मदत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिले अवघे ५४. शंभर मार्ग मंजूर केले तर सात उरले. शंभर बियांतून सात उगवल्या तर आपण ती पिशवी घेऊन दुकानदाराकडे जातो आणि कृषी अधिकाऱ्याला पंचनाम्याला बोलावतो.

आपल्या आजूबाजूलाच पाहा. नांदेड-हैदराबाद ही देशातल्या पहिल्या उडान फेऱ्यांपैकी एक, २७ एप्रिल २०१७ ची. ती चालवणारी ट्रूजेट कंपनी २०२२ मध्ये बंद पडली. जळगावला डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईचे विमान आले, ती एअर डेक्कन २०२० मध्ये थांबली. सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये वाजतगाजत उघडला आणि मदतीची तीन वर्षे भरली त्या २०२४ मध्ये मुंबईची फेरी बंद झाली. यवतमाळचा विमानतळ तर नांदेड, लातूर, बारामती, धाराशिव यांच्यासोबत २००९ मध्ये ९५ वर्षांच्या कराराने एका बड्या खाजगी समूहाकडे दिला होता. यवतमाळचा कोणी कास्तकार त्या धावपट्टीवरून कुठे गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

सगळीकडे असेच झाले असेही नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोल्हापूरला विमान टिकले, शिर्डीला टिकले. शिर्डीला देशभरचे भाविक येतात, कोल्हापूरच्या मागे साखर, दूध, फाउंड्री असा हातात पैसा खेळवणारा मुलूख आहे. म्हणजे आधी पैसा आला आणि मग प्रवासी आले. वऱ्हाडात उलटे करायचे ठरवले आहे, आधी धावपट्टी आणि मग पैसा. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

निवेदनात एक वाक्य खास आपल्यासाठी घातले आहे, की विमानाने संत्रा आणि भाजीपाला परदेशी जाईल. आम्ही कृषी पदवी घेतलेली माणसे आहोत, तेव्हा यावर बोलण्याचा थोडा अधिकार आहे. सत्तर सीटचे ते विमान माणसे आणि बॅगा धरून सात टनांच्या आसपास वजन उचलते. सीट भरल्या तर मालासाठी काही शे किलो जागा उरते. एका ट्रकमध्ये दहा टन सोयाबीन जाते. तूर, कापूस, सोयाबीन, हरभरा यातले काहीही विमानाने जाण्याजोगे नाही, कारण किलोमागे भाडेच मालाच्या भावाच्या पुढे जाईल. संत्र्याचे दुखणे तर वेगळेच आहे. आपला संत्रा बांगलादेशात ट्रकने जात होता आणि चांगला जात होता. तिथल्या सरकारने आयात शुल्क वाढवत नेत २०२३ मध्ये किलोला ८८ रुपयांपर्यंत नेले आणि बाजार बसला. ते शुल्क दिल्लीने ढाक्याशी बोलून कमी करायचे असते, त्यासाठी बेलोऱ्यात धावपट्टी लागत नाही.

आता शिवणीकडे येऊ. हा विमानतळ १९४३ सालचा, इंग्रजांच्या काळातला. धावपट्टी १४०० मीटरची. अमरावतीला येते तसले विमान उतरवायला ती १८०० मीटर करायची आहे. त्यासाठी शेजारची कृषी विद्यापीठाची साठेक हेक्टर जमीन लागली, आणि तेवढ्याने भागत नाही म्हणून खाजगी शेतकऱ्यांचीही वीसेक हेक्टर. अमरावती तिथून शंभर किलोमीटर. समृद्धी महामार्गाने शेलूबाजारहून नागपूर गाठणे आता काही तासांचे काम झाले आहे, आणि नागपूरच्या विमानतळावरून वर्षाला पंचवीस लाखांहून जास्त लोक जातात-येतात.

या विद्यापीठात आम्ही शिकलो. १९६९ साली ते मिळाले ते विदर्भाची माणसे रस्त्यावर उतरली म्हणून. त्याच्या शेतांतून कपाशीचा पीकेव्ही रजत आला, तुरीचा पीकेव्ही तारा आला. एक वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षे त्याच त्या जमिनीवर चाचण्या घ्याव्या लागतात. कोणत्या वर्षी काय पेरले, कोणते खत किती दिले, पाणी किती पडले याची नोंद असलेली जमीन म्हणजे संशोधनाची वही असते. ती एकदा डांबराखाली गेली की बदल्यात दुसरीकडे तेवढेच हेक्टर देऊन भागत नाही, नोंद पहिल्यापासून सुरू करावी लागते. हा तोटा कोणत्याही अंदाजपत्रकात दिसणार नाही.

आणखी एक आठवण. आपल्या जिल्ह्यातल्या कारंज्यावरून शकुंतला जात होती, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर. कापसासाठी घातलेली नॅरोगेज, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. भाडे असे की मजूर बाईसुद्धा लेकरू कडेवर घेऊन माहेरी जाऊन येई. ती धीमी होती, मोडकी होती, पण गच्च भरून जायची. ब्रॉडगेजच्या घोषणा झाल्या आणि गाडी बंद पडली. भरलेल्या गाडीसाठी पैसा मिळाला नाही.

कोणी आजारी पडले, मुलाची परदेशात नोकरी लागली, तर विमान हवेच, आम्हाला कबूल आहे. जिल्ह्यातली हजारो पोरे पुण्याला कंपन्यांत राबतात, दिवाळीत ट्रॅव्हल्सवाला मागेल तो भाव देऊन गावी येतात. त्यांची सोय कोणी केली तर आम्ही ढोल वाजवू. पण त्यांच्यासाठी रेल्वेचे दोन डबे जास्त जोडा अशी मागणी त्या निवेदनात नाही. पांदण रस्त्याचीही नाही. आपल्यातल्या कित्येकांचे सोयाबीन सप्टेंबरच्या पावसात वावरातच अडकते, कारण पांदणीत ट्रॅक्टर रुततो. बैलगाडीने किंवा डोक्यावर कट्टे काढायला वेगळी मजुरी पडते.

म्हणून जिल्हा बैठकीसमोर आम्ही ठरावाचा मसुदा ठेवत आहोत. खाजगी पैशाने, खाजगी जोखमीवर कोणी विमान चालवत असेल तर चळवळीची त्याला हरकत नाही, धंदा करणाऱ्याला मोकळीक हवी हे तर आपणच सांगत आलो. सरकारी पैसा लागणार असेल तर बेलोऱ्याला दर महिन्याला किती प्रवासी आले-गेले, किती फेऱ्या रद्द झाल्या आणि कंपनीला किती निधी दिला, हे आकडे जिल्हाधिकारी कचेरीच्या फलकावर लावावेत. बेलोऱ्याची तीन वर्षे एप्रिल २०२८ मध्ये भरतील. तोवर शिवणीसाठी कोणाचीही शेती सक्तीने घेऊ नये. आणि ट्रॅक्टरच्या डिझेलवरचा कर उडानच्या इंधनाइतकाच, एक टक्का करावा.

या मसुद्यावर मतभेद असतील, ते बैठकीत मोकळेपणाने मांडावेत. ज्यांनी निवेदनावर सह्या केल्या त्यांना कोणी टोचून बोलू नये. शिवणीच्या बाजूचे ज्यांचे वावर जाण्याची भीती आहे असे काही कास्तकार येणार आहेत, त्यांचे म्हणणे आधी ऐकायचे आहे. त्यांनी सातबारा, मोजणीची नोटीस आली असल्यास ती, आणि विहीर, झाडे, पाइपलाइन यांची यादी सोबत आणावी. बाकीच्यांनी २०२४ च्या सोयाबीन विक्रीच्या पट्ट्या आणाव्यात. गावागावाची तफावत एका कागदावर मांडायची आहे, त्यासाठी बैठक सकाळी दहाला सुरू होईल आणि जेवणाची शिदोरी ज्याची त्याने आणावी.