अण्णांचा देश कोणता?

दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी सकाळी आमच्या चाकूरच्या घरात एक अवघड प्रश्न विचारला गेला. विचारणारी मुलगी टेक्सासमध्ये सहावीत शिकते. माझ्या थोरल्या भावाची, अण्णांची ती नात. तिच्या शाळेने घरचा अभ्यास दिला होता : तुमच्या घराण्यातले या देशात पहिल्यांदा कोण आले, कुठून आले, का आले आणि येताना बरोबर काय आणले, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. तिच्या बापाची गोष्ट दहा मिनिटांत संपली होती. लातूरला बारावी, पुण्याला इंजिनिअरिंग, मग नोकरी, मग व्हिसा. येताना काय आणलेस यावर त्याने उत्तर दिले, ‘प्रेशर कुकर आणि शेंगदाण्याची चटणी.’ एवढ्याने वहीचे पान भरेना, तेव्हा पोरीने बापाच्या टेबलाचा खण उपसला आणि त्यातले चांदीचे एक जुने नाणे मोबाईलसमोर धरले.

‘आजोबा, हे कोणत्या देशाचं आहे?’

अण्णांनी चष्मा वर केला, खाली केला. नाण्यावर चारमिनार होता. ‘हे व्हय? हे आपलंच की. हाली रुपया हाय त्यो.’

‘म्हणजे इंडियाचं?’

‘न्हाई बाळा. इंडिया तवा तिकडं बार्शीला होता.’

तिकडे पुतण्या हसला, इकडे मीही हसलो. पोरगी हसली नाही. तिने वहीत काही तरी लिहिले आणि विचारले, ‘मग तुम्ही इंडियाला कधी आलात?’

अण्णांना उत्तर देता येईना. ते आज अठ्ठ्याऐंशीच्या घरात आहेत. त्यांचा जन्म ज्या घरातला, त्याच घरात ते बसले होते.

आजच्या तरुण वाचकांना हे कोडे वाटेल, म्हणून थोडे सांगतो. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत आमचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि हे संस्थान म्हणजे जवळजवळ एक वेगळा देशच होता. त्याचे नाणे वेगळे, टपालाची तिकिटे वेगळी, रेल्वे वेगळी. दप्तरातले साल फसली. शाळेत उर्दू. सरहद्दीवर जकातीसाठी करोडगिरीचा नाका. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार आणि आमचा तो हाली. साधारण सात हाली दिले की सहा कलदार मिळत. १५ ऑगस्ट १९४७ला देश स्वतंत्र झाला तेव्हा सोलापूर जिल्ह्यात झेंडे लागले आणि इकडे तिरंगा लावणे हा गुन्हा होता. तेरा महिने हे असे चालले. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने आत शिरल्या, १७ तारखेला निजामाने हात टेकले. आमच्या भागात या घटनेला अजून ‘पुलिस अ‍ॅक्शन’ म्हणतात. तिच्या आधीच्या काळाला ‘रझाकारी’ म्हणतात. म्हाताऱ्या माणसांचे वय आमच्याकडे जन्मतारखेवरून निघत नाही. रझाकारीत मी गुरं राखत होतो, बहात्तरच्या दुष्काळात थोरलीचं लग्न झालं, असे ते निघते.

तर त्या रविवारी पोरीच्या प्रश्नांमुळे अण्णा बोलू लागले. मी त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. पण माझा जन्म १९५३चा. त्यांनी सांगितलेले निम्मे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. आमच्या घरात ही गोष्ट तीन वाक्यांची होती : रझाकारांनी लई तरास दिला. आपण गाव सोडून बार्शीकडं गेलो. मग पुलिस अ‍ॅक्शन झाली आन् परत आलो. बस. बाबा तेवढेच सांगत, अण्णाही तेवढेच सांगत. सत्तर-पंचाहत्तर वर्षे ही तीन वाक्ये घरात झिजून गुळगुळीत झाली होती.

पोरीला त्या तीन वाक्यांशी कर्तव्य नव्हते. तिच्याकडे शाळेने दिलेले प्रश्न होते आणि ते साधे होते. बरोबर काय नेलं? वाटेत काय खाल्लं? तुमचा बेस्ट फ्रेंड कोण होता? कुत्रा होता का, आणि त्याचं काय झालं? ‘तुम्हाला कसं वाटलं’ असे तिने एकदाही विचारले नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. कसे वाटले असे विचारले की आपल्याकडचा माणूस भाषण करतो किंवा गप्प बसतो. काय खाल्ले असे विचारले की त्याला दिसू लागते.

आणि अण्णांना दिसू लागले. १९४८चा उन्हाळा. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याच्या कत्तलीची बातमी आली आणि बाबांनी ठरवले. ज्वारीचे पेव भरलेले होते. त्याचे तोंड रात्रीतून बुजवून वर शेण-मातीने सारवले, त्यावर गोठ्यातला कडबा रचला. आईने तांब्या-पितळेची भांडी माजघरात पुरली. लातूर हे कासिम रझवीचे वकिलीचे गाव, तिथे रझाकारांची फळी मोठी, म्हणून लातूर टाळून आडवाटेने बैलगाडी. रात्री चालायचे, दिवसा एखाद्या मळ्यात दडायचे. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा आईने काढून लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळल्या होत्या. धपाटी तीन दिवस पुरली, चौथ्या दिवशी नुसता गूळ. सरहद्द ओलांडली ते अण्णांना कळलेच नाही. कळले कधी, तर बार्शीत फुटाणे घ्यायला गेले आणि दुकानदाराने हातातले नाणे परत केले. ‘हे इथं चालत नाही,’ तो म्हणाला. दहा-अकरा वर्षांच्या पोराला देश म्हणजे काय ते एवढ्याने समजले.

मला विचाराल तर मुक्तिसंग्रामावरच्या अनेक भाषणांपेक्षा हा फुटाण्याचा प्रसंग जास्त सांगून जातो. १७ सप्टेंबरला आम्ही दरवर्षी झेंडावंदन करतो. स्वामी रामानंद तीर्थांचे नाव घेतो, ते घ्यायलाच हवे. अनंत भालेरावांसारख्या माणसाने त्या लढ्याचा इतिहास लिहून ठेवला म्हणून आमच्या पिढीला तो कळला. पण तो लढणाऱ्यांचा इतिहास आहे. जे लढले नाहीत, नुसते निघून गेले आणि परत आले, किंवा परत आलेच नाहीत, त्यांचे काय? अशी माणसे लढणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होती. त्यांच्या गोष्टीला आपण इतिहास मानलेच नाही.

त्यातून आणखी एक विचित्र गोष्ट घडली. सरहद्दीवरच्या कॅम्पांमधून काम केलेल्यांना पुढे स्वातंत्र्यसैनिकाचे निवृत्तिवेतन मिळू लागले. ते योग्यच होते. पण त्यासाठी फॉर्म आला, फॉर्मला रकाने आले. कॅम्पचे नाव, कॅम्पप्रमुखाचे प्रमाणपत्र, किती महिने भूमिगत. माणसे आपली आठवण त्या रकान्यांच्या मापाने कापू लागली. काहींनी तर नसलेलीही शिवली. बीड जिल्ह्यातल्या बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. खोटे बोलणाऱ्यांचे सोडा. खऱ्या माणसाचीसुद्धा खरी गोष्ट त्या फॉर्मात मावत नव्हती. घुंगुरमाळा गुंडाळणाऱ्या बाईसाठी त्यात रकाना नव्हता.

आमची आई १९८६ साली गेली. कोणती भांडी पुरायची आणि कोणती न्यायची, हे तिने कसे ठरवले असेल? अंगावरचा कोणता दागिना बार्शीत मोडला? तो हाली रुपया तिनेच देवघरात हळदीकुंकवाच्या करंड्यात ठेवला होता. तिकडून परत आल्यावर, नवे नाणे सुरू झाल्यावरही, तिने तो का मोडला नाही? पुतण्या अमेरिकेला निघाला तेव्हा माझ्या वहिनींनी तो त्याच्या हातात दिला, कारण ‘तुझी आजी जपायची’. एवढेच आम्हाला माहीत. माझी सगळी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. पानिपतात कोणती तुकडी कोणत्या बाजूला होती हे मी पोरांना फळ्यावर काढून दाखवत असे. आणि घरातल्या बाईला मी हे कधी विचारले नाही.

अमेरिकेने हे विचारले, याचे कौतुक करावे की नाही याबद्दल माझ्या मनात थोडी ओढाताण आहे. तो देशच बाहेरून आलेल्यांचा. त्यांना हा छंद परवडतो, असे वाटून जाते. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर १८९२ ते १९५४ या काळात सुमारे सव्वा कोट माणसे उतरली. त्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठून, त्यांचे बोलणे ध्वनिफितींवर उतरवण्याचे काम तिथे १९७०च्या दशकातच सुरू झाले. पण आपल्याकडेही हे अशक्य नाही. पंजाब-बंगालच्या फाळणीतून आलेल्यांच्या हजारो मुलाखती अलीकडच्या काळात स्वयंसेवकांनी गावोगाव हिंडून घेतल्या. २०१७ साली अमृतसरला फाळणीचे संग्रहालय उभे राहिले. आपल्याकडच्या उलथापालथीसाठी तसे काही झाले नाही, कारण ती उलथापालथ होती हेच आपण नीट मान्य केलेले नाही. आमच्यासाठी ते फक्त ‘मुक्त होणे’ होते. होतेच ते, पण तेवढेच नव्हते.

हे मी का म्हणतो, तर त्या रविवारी अण्णा तिसऱ्या वाक्यावर थांबले नाहीत म्हणून.

पोरीने बेस्ट फ्रेंड कोण असे विचारले होते. अण्णांनी एका शिंप्याच्या मुलाचे नाव सांगितले. मुसलमानाचे घर, आमच्या वाड्यापासून चार घरे सोडून. दोघे एकाच पाटीवर अलिफ-बे गिरवलेले. आम्ही गाव सोडले त्या रात्री वाड्याची किल्ली बाबांनी कोणाकडे दिली? त्या शिंप्याकडे. रझाकारीत, रझाकारांच्या भीतीने पळणाऱ्या माणसाने. आणि शिंप्याने चार महिने गोठ्यातल्या दोन म्हशी सांभाळल्या, पेवावरचा कडबा हलू दिला नाही.

‘मग परत आल्यावर तुम्ही त्याला भेटलात?’ पोरीने विचारले.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मोबाईलचा पडदा गोठला की काय असे तिला वाटले असावे, ती ‘हॅलो, हॅलो’ करू लागली. मग अण्णा म्हणाले, ‘दिवाळीनंतर आलो आमी. किल्ली मारुतीच्या पुजाऱ्याकडं ठिवलेली व्हती. शिप्याच्या घराला कवाडच न्हवतं.’

हे वाक्य आमच्या घरात कधीही उच्चारले गेले नव्हते. मी त्या घराच्या जागेवरून रोज शाळेत जात होतो. तिथे माझ्या लहानपणी नुसती पडकी भिंत होती, पुढे पिठाची गिरणी झाली.

फौजा आल्यानंतरच्या दिवसांत आमच्या भागात काय झाले, ते पाहायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना १९४८च्या अखेरीस पाठवले होते. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वांत जास्त पोळलेले जिल्हे, असे त्यांनी लिहिले. मेलेल्यांचा त्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्याच अहवालात आहे. अनेक दशके तो अहवाल कपाटात राहिला. आता अभ्यासकांना पाहायला मिळतो. रझाकारांनी केलेले अत्याचार यामुळे तसूभरही कमी होत नाहीत. कासिम रझवी तुरुंगातून सुटला आणि १९५७ साली पाकिस्तानात निघून गेला. त्याची गोष्ट सगळ्या पुस्तकांत आहे. शिंप्याची कुठेच नाही.

तो शिंपी मेला, की हैदराबादला गेला, की कराचीला, हे अण्णांना माहीत नाही. जिवंत राहिले असतील तर त्या कुटुंबातही एक गोष्ट असेल. तिच्यात आमचा वाडा असेल, दोन म्हशी असतील. तीही कदाचित तीन वाक्यांची झाली असेल.

आता हे काम करायला आमच्याकडे किती वेळ आहे, याचा हिशेब सोपा आहे. १९४८ साली जो दहा वर्षांचा होता तो आज नव्वदीकडे झुकला आहे. गावात अशी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. यासाठी संस्था, इमारत, अनुदान यांची वाट पाहण्याची गरज नाही. इमारत आली की आधी उद्‌घाटनाची कोनशिला येते, हे आपल्याला ठाऊक आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने ठरवले तर लातूर, नांदेड, परभणी, हिंगोलीतल्या कला शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एका म्हाताऱ्या माणसाचे बोलणे उतरवून आणायला सांगता येईल. वीस गुणांचा प्रकल्प. पण तोवर घरातल्या घरात तरी करा. मोबाईल सगळ्यांकडे आहे. फक्त मोबाईल फुटतो, म्हणून जे ऐकले ते वहीतही उतरवा. ‘लई तरास दिला’ याचे ‘अनन्वित अत्याचार केले’ करू नका. सांगणाऱ्याचे वय लिहा, तारीख लिहा, विचारणाऱ्याचेही नाव लिहा. आत्या एक सांगेल आणि चुलता दुसरेच. दोन्ही लिहा, भांडण मिटवू नका. बाईला आधी विचारा, आणि ती बोलत असताना बाप्यांनी मधे मधे दुरुस्ती करू नये. पुतण्यासारख्यांचीही गोष्ट आताच लिहा. पन्नास वर्षांनी प्रेशर कुकरलाही हाली रुपयाचे मोल येईल.

आणि जे सांगताना माणूस थांबतो, तिथे घाई करू नका. आम्ही त्या रविवारी तिथेच थांबलो. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते, पोरीची झोपायची वेळ टळली होती.

सोमवारी तिने वर्गात काय वाचून दाखवले, ते पुतण्याने कळवले. तिने बापाची गोष्ट एका परिच्छेदात उरकली आणि उरलेली दोन पाने अण्णांची लिहिली. बाईंनी तिला विचारले, की तुझे आजोबा कोणत्या देशातून कोणत्या देशात गेले? ती म्हणाली, ‘ते घरीच आहेत.’

मी आता दोनशे पानी वही आणली आहे. अण्णा सकाळी अंघोळ झाल्यावर तासभर बोलतात. शिंप्याच्या मुलाचे नाव पहिल्या पानावर लिहा, असे त्यांनी सांगितले. ते लिहिले आहे, इथे देत नाही. परवा त्यांनी मला मधेच थांबवून विचारले, ‘शिप्याच्या घरी कुत्रं व्हतं, त्याचं काय झालं आसंल रे?’

तेही लिहून घेतले.