मोकळ्या श्वासाची भानगड

माझ्याकडे १९९४ सालची माझदा मियाटा आहे. दोन सीटची, उघड्या टपाची, १.८ लिटर इंजिन, १२८ हॉर्सपॉवर. गाडीने तिशी ओलांडलीय आणि सायलेन्सरची खालून चाळण झालीय. (इथे त्याला मफलर म्हणतात. आपला मफलर गळ्यात, यांचा गाडीखाली!) तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपासून शेवटच्या नळीपर्यंत सगळं नवीन घालायचं ठरवलंय. ही बातमी फुटल्यापासून लॉस एंजेलिसमधले आणि पुण्यातले, दोन्हीकडचे मित्र एकच सल्ला देतायत: "उघडतोच आहेस तर कन्व्हर्टर काढून फेक, सरळ पाइप घाल. गाडीला मोकळा श्वास घेऊ दे की!"

या मोकळ्या श्वासाचा मला मनापासून वैताग आलाय.

मुळात ताकद वाढते का? धड अवस्थेतला कन्व्हर्टर काढून एवढ्याशा इंजिनात जी भर पडते ती ड्रायव्हरला कळतही नाही. कळतो तो आवाज. आवाज वाढला की आपण वेग वाढला असं समजतो, एवढीच त्यातली जादू. दुसरा पंथ सांगतो, इंजिनाला बॅक प्रेशर लागतंच. तेही नाही. वायू नळीतून झपाट्याने निघायला हवा. नळी फार रुंद केली की तो रेंगाळतो आणि कमी आरपीएमला गाडी मरगळते. म्हणून तीन इंची पाइप माझ्या यादीत नाही.

आणि तो आवाज तरी कसला? चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट. हायवेवर ३००० आरपीएम धरा, म्हणजे सेकंदाला १०० ठोके. नेमकी ही १०० हर्ट्झची घुमघुम दोन तास डोक्यात बसते. ती मारायला बाजूला बंद तोंडाची नळी जोडायची म्हटली, तर तापलेल्या वायूत तिची लांबी सव्वा मीटरच्या आसपास निघते. या चिमुकल्या गाडीखाली ती कुठे कोंबणार? त्यापेक्षा मूळच्यासारखा मोठ्या पोटाचा सायलेन्सर बरा. माझदाच्या इंजिनिअरांनी या गाडीचा आवाज मुद्दाम, कानांनी ऐकून जुळवला होता. तो बिघडवण्याएवढा माझा कान तयार नाही.

गंजाचं मात्र सांगायलाच हवं, कारण इथे भलतीच गोष्ट दोषी ठरते. लोक बाहेरच्या पावसाला शिव्या देतात, पण सायलेन्सर बऱ्याचदा आतून सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांब पल्ल्याला ती निघून जाते. पण रोज भाजी आणायला दोन मैल गेलात, तर सायलेन्सर तापतच नाही, पाणी पोटात साचतं आणि पत्रा खातं. म्हणून मी स्टेनलेसवर जादा पैसे घालतोय. दिखाव्यावर नाही.

आता कन्व्हर्टर. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. तापला की कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजन ऑक्साइड नव्वद टक्क्यांहून जास्त कमी करतो. म्हणजे तो काढलेली एक गाडी दहा गाड्यांएवढं विष सोडते. "माझ्या एका गाडीने काय होतंय?" हा प्रश्न विचारणाऱ्याने हा हिशेब करावा.

मी राहतो त्या शहराने हे भोगलंय. इथल्या कॅलटेकमध्ये हागेन-स्मिट नावाचे प्राध्यापक अननसाच्या वासाचं रसायनशास्त्र शोधत होते. १९५२ च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं, की शहरावरचा डोळे झोंबवणारा धूर म्हणजे गाड्यांच्या वायूंवर उन्हाने केलेली करामत आहे. पुढे तेच राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचे पहिले अध्यक्ष झाले. आज माझी गाडी दर दोन वर्षांनी रोलरवर चढवतात, ताण देऊन ताशी १५ आणि २५ मैलांनी पळवतात आणि नळीतला वायू मोजतात. मेकॅनिक खाली वाकून कन्व्हर्टरवर कोरलेला मान्यतेचा नंबरही बघतो. तसा नंबर असलेला कन्व्हर्टर बराच महाग पडतो. पडू दे.

पुणेकर मित्र म्हणतो, "तुमच्याकडे कायदा कडक म्हणून तू साधू." बरं, साधू तर साधू! पण पुण्यात पोलीस बुलेटचे जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात, त्याचे फोटो तूच मला पाठवतोस ना? ते सापडतात, कारण ते ऐकू येतात. नायट्रोजन ऑक्साइडला आवाज नसतो. तो तयार होतो इंजिनावर ताण आल्यावर, कात्रजचा घाट चढताना. आणि पेट्रोल गाडीचं पीयूसी होतं गाडी जागेवर उभी ठेवून, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनपुरतं. घाटातला धूर पंपाशेजारच्या टपरीत कसा दिसणार? तेव्हा "पीयूसी पास आहे रे" हे मला ऐकवू नकोस. तुझ्या मागे स्कूटरवर बसलेल्या पोराचं नाक तुझ्या नळीच्याच उंचीला असतं.

असो. माझी यादी: नंबरवाला कन्व्हर्टर, नवा ऑक्सिजन सेन्सर, स्टेनलेसचा मोठ्या पोटाचा सायलेन्सर, नवे गॅस्केट, नवे रबरी हँगर. इथली आवाजाची मर्यादा ९५ डेसिबल आहे, मला तिच्या जवळही जायचं नाही. जुने नट तीस वर्षांत पार जाम झालेत, त्यांच्यावर रोज रात्री तेल मारतोय.